ब्याऐंशी तलाव आणि एक बोडी

"हे पानी कायले ठेवलं जी?" लग्नानंतर चौथ्या दिवशी चेतनानं मला विचारलं, तेव्हा तिच्या हातात चोरखमारा होता.

म्हणजे चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी. चपटी काचेची बाटली, बुचावर मेण, पोटावर चिठ्ठी. चिठ्ठीवर तलावाचं नाव, तारीख, वेळ आणि वारा कुठल्या दिशेचा होता ते. ही बाटली तिला कणकेच्या डब्यामागे सापडली होती. तोवर पलंगाखाली एकोणीस, खिडकीत अकरा आणि न्हाणीघराच्या फळीवर सात सापडून झाल्या होत्या. सगळ्या मिळून त्र्याऐंशी. मी पाटबंधाऱ्याच्या एका छोट्या कार्यालयात कनिष्ठ सहायक आहे. इंजिनिअर साहेबांबरोबर तलावांच्या पाहणीला जावं लागतं. साहेब पाळीची, म्हणजे बांधाची, भेग बघतात, मी नोंदवही धरतो आणि परतताना एक बाटली भरून घेतो. नऊ वर्षं झाली.

आम्ही कोहळी. आमच्या पूर्वजांनी या मुलखात गावोगावी तलाव बांधले. मी ते बाटलीत भरले. प्रत्येक पिढीची आपली एक कुवत असते.

कायले ठेवलं, ते दाखवायला मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला खिडकीजवळ बसवलं. गोंदियाच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ऊन येतं ते तेवढ्याच वेळी. ते बाटल्यांवर पडलं की नवेगावबांध हिरवट होतो, सालेकशाकडचं पाणी चहासारखं तांबूस दिसतं, आणि छतावर अकरा छोटे तलाव हलायला लागतात. मी रोज उताणा पडून ते बघत असे. चहा निवून जाई. चेतनानंही मान वर करून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"चांगलं दिसते," ती म्हणाली. "पन कणकेच्या डब्यामागं नका ठेवू."

लग्नानंतर छंद टिकत नाहीत, असं आमच्या कार्यालयात सर्वांचं मत आहे. एकाची बासरी गेली, एकाची व्यायामाची वजनं आता लोणच्याच्या बरणीवर असतात. मला अनेकांनी सहानुभूती दाखवली होती. त्यामुळे मी चेतनाचं वाक्य माझा विजय समजलो. पण पुढच्याच आठवड्यात तिचा भाऊ दुर्गेश तिला माहेरी न्यायला आला, उन्हातून आला म्हणून फ्रीज उघडला, आणि उन्हाळ्यात टिकावा म्हणून मी तिथं हलवलेला नवेगावबांध, चौदा नोव्हेंबर, वारा ईशान्येचा, उभ्या उभ्या पिऊन टाकला. "जरा गोड लागलं," तो म्हणाला. पुढचे दोन दिवस मी त्याला फोन करकरून प्रकृती विचारत होतो. सासरी माझ्या मायाळूपणाची फार चर्चा झाली. नवेगावबांध मी पुढच्या पाहणीत पुन्हा भरून आणला, पण वारा तसा नव्हता.

"ठेवा ना," चेतना म्हणाली, "नाई कोन म्हनते? पन साऱ्या एका जागी ठेवा."

म्हणजे फळ्या हव्यात. सगळं तिथून सुरू झालं.

आमचे घरमालक दुलीचंदजी खालीच राहतात. रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाले, पण अजून प्रत्येक वस्तूकडे ती कुठल्या वाघिणीत जाईल अशा नजरेनं बघतात. त्यांनी फळ्या बघितल्या, सुतार बघितला आणि हात वर केला.

"देखो कापगते बाबू, दीवार में कील नहीं. और रुका हुआ पानी घर के अंदर? वास्तु बिगड़ेगा."

"मग कुठं ठेवू दुलीचंदजी?"

त्यांनी डोळे मिटून विचार केला. "गॅलरी में रखो. गॅलरी वास्तु में नहीं गिनते."

गॅलरी रस्त्यावर होती. पाच फळ्यांवर त्र्याऐंशी चपट्या बाटल्या ओळीनं लागल्या तेव्हा माझे डोळे भरून आले. इतके तलाव एकत्र मी प्रथमच बघत होतो. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. प्लास्टिकमध्ये पाणी खराब होतं म्हणून मी काचेच्या बाटल्या वापरतो, आणि चपट्या काचेच्या बाटल्या भंगारवाल्याकडे ज्या एका कारणानं सर्वांत जास्त येतात, ते कारण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली दोन माणसं उभी राहिली. मान वर करून चिठ्ठ्या वाचत होती.

"भाऊ, सालेकसावाली एक द्या ना."

"अहो, ते पाणी आहे."

"हो जी," त्यातल्या एकानं डोळा मारला, "सारे पानीच मनतेत. मोहाचीच असन ना?"

मी शपथ घेतली. सरकारी नोकर असल्याचं सांगितलं. त्यानं त्यांचा विश्वास आणखी बळावला. दुसऱ्या दिवशी चौघं आले, त्यांतला एक फक्त बोदलकसाच घेणार म्हणून अडून बसला. आणि नेमकं त्याच रविवारी दुलीचंदजींच्या नातीला, खुशबूला, बघायला रायपूरकडची मंडळी आली. मंडळींची गाडी खाली थांबली, मुलाच्या वडिलांनी वर बघितलं, आणि माझी पाचही फळ्यांची आयुष्यभराची पुंजी त्यांच्याकडे चमकून बघू लागली. लग्न जमलं, ते वेगळं. पण नंतर दुलीचंदजींनी मला सांगितलं की मुलाच्या वडिलांनी निघताना हळूच विचारलं, ऊपरवाले बाबू बारात में आएंगे ना?

अब्रू वाचवायला चेतनानं तिची एक जुनी साडी फळ्यांपुढे पडद्यासारखी बांधली. पावसानं उघडीप दिलेली, त्या गॅलरीत दुपारचं ऊन पश्चिमेचं, वरून पडदा. आत भट्टी झाली. मेण वितळलं, बुचं सैल होऊन निघाली. मी नवीन मेण आणतो आणतो म्हणेपर्यंत आठ दिवस गेले. ऑगस्ट महिना होता.

नवव्या दिवशी आरोग्य खात्याच्या शामकलाताई डेंग्यूच्या सर्वेक्षणाला आल्या. हातात रजिस्टर, खांद्यावर पिशवी, बॅटरी. त्यांनी कूलर बघितला, कुंडी बघितली, मग पडदा बाजूला केला आणि फळ्या एकेक करून मोजल्या.

"सर, हे काय व्हय?"

"संग्रह."

त्यांनी एका बाटलीत बॅटरी मारली. "अळ्या हायेत."

"कुठल्या बाटलीत?"

त्यांनी चिठ्ठी वाचली. "बोदलकसा."

स्वयंपाकघरातून चेतना बाहेर आली. तिचं माहेर बोदलकशाच्या तलावाजवळचं. "आमच्या बोदलकशाले अळ्या नाई राहत," ती म्हणाली. "मासोळ्या खाऊन टाकतेत. ह्या तुमच्या गोंदियाच्या अळ्या हायेत. इथं येऊन घुसल्या."

या मुद्द्यावर दोघींचं बराच वेळ चाललं. शेवटी शामकलाताईंनी रजिस्टर उघडलं. आमच्या सबंध वॉर्डात त्या महिन्यात दूषित भांडी सत्तावीस निघाली होती. माझ्या एका घरानं, साऱ्या उघड्या बाटल्या धरून, आकडा एकशे दहावर नेला. त्यांनी तो लिहिताना पेन दोनदा झटकलं. "सर, आता साऱ्या वतून टाका. नाईतर नोटीस येईन."

मी ओतल्या नाहीत. नोटीस आली.

मी स्वतः कागदांतला माणूस आहे. नोटिशीला घाबरत नाही. मी आरोग्याच्या कार्यालयात जाऊन सूट मागितली. तिथल्या बाबूंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, यासाठी अर्जाचा नमुना नाही. पण ज्याचं पाणी, त्याचं ना-हरकत पत्र आणा, मग बघू.

पाणी कोणाचं? तलावांचं. तलाव कोणाच्या ताब्यात? आमच्याच कार्यालयाच्या. मी आनंदानं घरी आलो आणि सुवाच्य अक्षरात अर्ज केला. बुधवारी आमचा शिपाई पुनाराम डाक घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. त्याच्या मिशीखाली काहीतरी चाललं होतं.

"साहेब, तुमची डाक आली. तुमच्याच कडून."

अर्जांची छाननी माझ्याकडे आहे. अकरा वर्षांत माझ्या टेबलावरून एकही अर्ज त्रुटी निघाल्याशिवाय पुढे गेलेला नाही. तालुक्यात माझं जे काही नाव आहे ते यावरच आहे. मी तो अर्ज वाचला. दोन दिवस बाजूला ठेवला, मन वळतं का बघितलं. पण मन ज्याचं होतं तो कनिष्ठ सहायक होता. तिसऱ्या दिवशी मी टिपणी लिहिली: "अर्जदाराने शासकीय तलावांतून विनापरवानगी पाणी उचलल्याचे त्याच्याच अर्जावरून दिसून येते. खुलासा मागविणे योग्य राहील."

आमचे उपअभियंता भुपेंद्र बिसेन साहेब यांनी सही केली. मला कारणे दाखवा मिळाली. मी रात्रीचं जेवण सोडून, फार कळवळून खुलासा लिहिला. तो माझ्याच टेबलावर आला. मला तो समाधानकारक वाटला नाही. शेवटी आदेश निघाला, मसुदा अर्थातच माझा: सदर पाणी ज्या त्या तलावात परत सोडून अनुपालन अहवाल सादर करावा.

साहेबांनी सही करताना माझ्याकडे बघितलं. "कापगते, तुम्ही स्वतःला जराशी सूट द्यायला हवी होती हो."

"नियम आहे साहेब," मी म्हणालो, आणि बाहेर येऊन पुनारामनं दिलेला चहा तसाच निवू दिला.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत खाली बसलो होतो. चेतनानं आदेश वाचला. दोनदा वाचला. मला वाटलं ती हसेल. ती माझ्याजवळ बसली.

"काऊन एवढे उदास झाले? फेकाले थोडी सांगितलं? घरी पोचवून द्याले सांगितलं. मलेबी घेऊन चला."

पावसाळा सरल्यावर आम्ही रविवारी निघायला लागलो. मोटरसायकलला दोन बाजूंना दोन पोती, पोत्यांत धानाचं तणस, तणसात बाटल्या. धानाचे लोंबे पिवळे पडत चालले होते. बांधावर बगळे उभे होते. खड्डा आला की मागं एकदम दहा तलाव किणकिणायचे आणि चेतना माझ्या खांद्यावर हात घट्ट करायची. तलावाच्या पाळीवर चढायचं, चिठ्ठी वाचायची, बूच काढायचं, वाकून ओतायचं. दोन क्षण आपलं पाणी वेगळं ओळखू येतं. मग एक बारीक लाट येते आणि ते ओळखू येईनासं होतं. पहिल्या रविवारी प्रत्येक तलावापाशी मी रिकामी बाटली धरून बराच वेळ उभा राहिलो. दुसऱ्या रविवारी कमी वेळ उभा राहिलो, कारण ऊन होतं आणि बाटल्या बऱ्याच होत्या.

तिसऱ्या रविवारी सौंदडच्या पुढे एका मोठ्या तलावावर मी ओतून मागं वळलो, तर पाळीवर चेतनाच्या चपला होत्या आणि चेतना नव्हती.

घाटावर कपडे धुणारी एक बाई किंचाळली, "बाई बुडाली वो!"

दूर, पार मधोमध, एक काळी वेणी दिसत होती. गुराखी धावला, कोणी ट्रकची ट्यूब आणायला पळालं. मी पाण्यात उडी घेतली. उडी म्हणजे, उतरलो. तलाव बांधणाऱ्यांच्या कुळात जन्मून मला पोहता येत नाही, हे मी आजवर कार्यालयात कुणाला कळू दिलेलं नव्हतं. गुडघाभर पाण्यात शेवाळावर पाय सरकला आणि मी आडवा झालो. नाकातोंडात त्या तलावाचा जो नमुना गेला त्याची तारीख आणि वारा मी नोंदवू शकलो नाही. ट्यूब आली ती माझ्या गळ्यात पडली.

"बायको पोहून राहिली," गुराखी लोकांना समजावून सांगत होता, "नवरा बुडून राहिला."

चेतना सावकाश हात मारत आली. तिचा सलवार कुर्ता निथळत होता, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी पाच-सहा महिन्यांत बघितलेलं नव्हतं. लोक पांगल्यावर आम्ही पाळीवर उन्हात वाळत बसलो.

"तुला पोहता येतं?"

"बोदलकशात या काठावरून त्या काठावर जाऊन येत होतो मी. रोज. बाबा कालव्यावर चौकीदार होते ना."

"कधी सांगितलं नाहीस."

"तुमी विचारलं काय?" ती वेणी पिळत म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "लगन ठरलं तवा आई मने, आता पान्यात उतरू नोको, सासरचे काय मनतीन. तुमाले दाखवाले बाटल्या तरी होत्या. मी काय आनून दाखवू?"

मी या मुलीला त्र्याऐंशी तलावांच्या वाऱ्याच्या दिशा सांगितल्या होत्या. एक प्रश्न विचारला नव्हता.

त्यानंतर पोत्यात टॉवेल आणि कोरडे कपडे असायला लागले. मी ओतायचो, ती उतरायची. मी काठावर तिच्या चपला धरून बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, नाही हो, बुडत नाही, ती पोहते. कुणी म्हणायचं, एकटी काऊन पोहते? कुणी म्हणायचं, तुमी काऊन नाही पोहत? दुसऱ्या प्रश्नाला मी आभाळाकडे बघायचो. ती बाहेर येऊन केस झटकत सांगायची, "याचं पानी वरून कोमट हाये, पन छातीखाली एकदम गार. तिकडं मधात झरा असन. हे तुमच्या चिठ्ठीत नाही लिवलं." नव्हतंच लिहिलं. नऊ वर्षं मी पाण्याचा रंग बघत आलो होतो, ते आत किती गार आहे हे मला कोण सांगणार होतं? मी चिठ्ठीच्या मागं लिहून घ्यायला लागलो. मधोमध झरा. दक्षिणेला गवत पायाला लागतं. इथं उताणं पडलं की कानात घंटेसारखा आवाज येतो.

बोदलकशाला आम्ही अख्खा दिवस राहिलो. सासूबाई काठावर येऊन उभ्या राहिल्या, लेकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या चपलांकडे बघितलं, आणि आमच्यासाठी भाकरी टाकायला गेल्या.

असे ब्याऐंशी तलाव झाले. डिसेंबरच्या एका रविवारी एकच बाटली उरली. सेंदरीटोल्याची बोडी. बोडी म्हणजे लहानसा तलाव, एखाद्या टोल्याच्या, म्हणजे छोट्या वस्तीच्या, धानापुरता. तीन वर्षांपूर्वी भरलेलं पाणी, पाच मिनिटांची पाहणी, चिठ्ठीवर वारा नाही असं लिहिलेलं.

आम्ही पोचलो तेव्हा तिथं सपाट जमीन होती. चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खुंट, आणि एका फलकावर रंगीत बंगल्याचं चित्र. पाळीचा एक तुकडा तेवढा उरला होता, त्यावर चार बकऱ्या आणि एक म्हातारी. मी बाटली घेऊन उभा, चेतना खांद्यावर टॉवेल टाकून उभी.

"काय सोधून राहिले, बाबू?"

"इथली बोडी."

"बुजवली. दोन सालं झाले." तिनं माझ्या हाताकडे बघितलं. "ते काय व्हय?"

"बोडीच व्हय आजी," चेतना म्हणाली. "इथलंच पानी."

तिचं नाव धुरपताबाई. तिनं बाटली घेतली, उन्हात धरली, डोळ्याजवळ नेली. "हं. आपलंच हाये. ही लाल झाक रायेच त्याले." मग तिला टॉवेल दिसला. "आंघोळीले आली का वो माय?"

"पोहाले आलो होतो."

म्हातारी हसली. "मीबी पोहत होतो. पोरगी होतो तवा. या पाळीवरून त्या चिचेपावतर."

चिंच अजून होती. चौदा आणि पंधरा नंबरच्या प्लॉटच्या मधे, एकटी. चेतना तिकडे बघत राहिली. मग तिनं चपला काढल्या, सवयीनं माझ्या हातात दिल्या, आणि पाळीवरून उतरून प्लॉटांतून चालायला लागली. हळूहळू, दोन्ही हात बाजूला थोडे पसरून.

"उजवीकडं हो!" धुरपताबाई उठून उभी राहिली. "तिथं चिखल हाये! हां. आता खोल लागन. जपून वो माय, तिथं डोस्क्यावरून पानी जाते!"

चेतनानं हनुवटी वर केली. चुन्याच्या रेघा ओलांडत, खुंट चुकवत ती मधोमध गेली. ऊन फिकट होतं, बकऱ्या चरायच्या थांबल्या होत्या, आणि खरं सांगतो, पाळीवर उभं राहून मला भीती वाटली. मी गुडघ्यापर्यंतही तिच्यामागं गेलो नसतो. ती चिंचेला हात लावून वळली तेव्हा म्हातारीनं श्वास सोडला.

धुरपताबाईनं बूच काढून तळहातावर चार थेंब घेतले, डोळ्यांना लावले, आणि पुन्हा बूच दाबून बसवलं. "ठेवू का मी?"

नऊ वर्षांत मी कुणाला बाटली दिलेली नाही. मागितलेलीही नव्हती कुणी, पिण्यासाठी सोडून. मी हो म्हणालो.

सोमवारी मी अनुपालन अहवाल लिहिला. ब्याऐंशी तलावांचं पाणी परत सोडलं. एका बोडीचं सोडता आलं नाही, कारण बोडी जागेवर आढळली नाही. पुनारामनं अहवाल आत नेला, शिक्का मारला आणि बाहेर माझ्याच टेबलावर छाननीला आणून ठेवला. मी तो वाचला. नेहमीप्रमाणे त्रुटी होती. मी टिपणी लिहिली: "अनुपालन अपूर्ण. अर्जदाराने बोडीचा शोध घ्यावा व ती आढळेपर्यंत दर आठवड्यास क्षेत्रभेट द्यावी."

बिसेन साहेबांनी टिपणी वाचली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. सही केली.

त्या आदेशाच्या अनुपालनात आम्ही दर रविवारी एखाद्या तलावाकडे निघतो. चेतना पाण्यात उतरून शोधते, मी काठावर बसून.